पाच एकरांचं प्लॉटिंग: प्लॉटच्या लेव्हल आणि पावसाळी पाण्याचा निचरा कसा ठरवायचा?

उताराचं_रान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात ५ एकर (२.०२ हेक्टर) जमिनीवर निवासी प्लॉटिंग करायचं आहे. रेखांकनाला तात्पुरती मंजुरी आहे, अंतिम व्हायची आहे. मशीन लावण्याआधी लेव्हल आणि पावसाळी पाणी हे दोन विषय पक्के करायचे आहेत, म्हणून आकडे सगळे देतो.

जमीन पूर्व-पश्चिम १८० मीटर, दक्षिणोत्तर ११२ मीटर. टीबीएम (जागेवर धरलेली संदर्भ पातळी) १००.०० मीटर धरून पूर्वेच्या बांधाची सरासरी आरएल (त्या संदर्भाने उंची) १०२.६०, पश्चिमेच्या कडेची ९८.४०. वरच्या बाजूला फूटभर मातीखाली मुरूम लागतो, खालच्या निम्म्यात काळी माती, काही ठिकाणी मीटरभर खोल. मधोमध उताराच्या दिशेने १२ मीटरचा रस्ता, त्याला आडवे ९ मीटरचे चार रस्ते, दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट (११ × १८ मीटर). ओपन स्पेस सध्या ईशान्येच्या कोपऱ्यात दाखवली आहे.

पश्चिमेला लागून गावरस्ता. त्याची डांबराची लेव्हल ९८.६०, म्हणजे आमच्या खालच्या कडेपेक्षा २० सेंमी वर. त्याखाली ६०० मिमीची एकच पाइप मोरी, पाइपाचा तळ ९६.९५, पलीकडे ओढा. पूर्वेला दुसऱ्याचं साडेतीन हेक्टर शेत आहे, त्याचं पाणी पावसाळ्यात बांध फोडून आमच्या रानातूनच जातं.

कंत्राटदाराचं म्हणणं: सगळे प्लॉट रस्त्याच्या लेव्हलला सपाट करू, वरचं कापून खाली टाकू, रस्त्याकडेला विटांचं एक फूट बाय एक फूट गटार करू, पूर्वेला कंपाउंड घातलं की शेताचं पाणी बंद. मोरीला हात लावायची गरज नाही.

हे बरोबर आहे का? लेव्हल कुठून ठरवायला सुरुवात करायची? गटाराचं माप कसं काढायचं?

---

लेव्हल_शंभर

माहिती पूर्ण दिलीत, त्यामुळे आकड्यांतच बोलता येईल.

लेव्हल ठरवायची ती शेवटच्या टोकापासून. आधी मोरीचा तळ, मग गटाराचा तळ, मग रस्ता, मग प्लॉट, आणि सगळ्यात शेवटी जोतं. कंत्राटदार उलटा निघाला आहे, प्लॉट सपाट करून गटार नंतर बसवायला. अशा लेआउटमध्ये गटार खणत खणत खाली येतं आणि टोकाला कळतं की मोरीचा तळच गटारापेक्षा वर आहे.

आता पाणी किती ते बघू. दोन-पाच हेक्टरांसाठी साधं रॅशनल सूत्र पुरतं: प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = गुणांक (पावसाचा जेवढा हिस्सा वाहून जातो तो) × पावसाची तीव्रता (मिमी प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६०. तीव्रता दिवसभराच्या पावसावरून घ्यायची नाही. पाणी वरच्या टोकापासून मोरीपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, इथे साधारण १५-२० मिनिटं, तेवढ्या वेळातली घ्यायची. मी खाली ९० मिमी प्रति तास धरतो. तुमच्या भागाचा वेधशाळेचा तीव्रता-कालावधी आलेख मिळाला तर तो वापरा आणि आकडे त्या प्रमाणात वरखाली करा.

तुमचा लेआउट पूर्ण बांधून झाल्यावर: रस्ते, गच्च्या, फरशी घातलेली अंगणं आणि बाग यांचा मिळून गुणांक ०.७०. म्हणजे ०.७ × ९० × २ ÷ ३६० = ०.३५ घनमीटर प्रति सेकंद. आज तिथे शेत आहे, गुणांक ०.४० धरला तर ०.२० होतात. प्लॉटिंगमुळे पाणी पावणेदोन पट झालं.

वरचं शेत: ०.४ × ९० × ३.५ ÷ ३६० = ०.३५. म्हणजे तुमच्या स्वतःच्या पाण्याइतकंच पाणी शेजाऱ्याकडून येतंय आणि कंत्राटदाराच्या हिशेबात ते शून्य आहे. कंपाउंडने ते बंद होत नाही. भिंतीच्या मागे साचतं, पाया भिजवतं आणि मग जिथे भिंत कच्ची तिथून एकदम सुटतं.

मोरीवर एकूण ०.७० येणार. ६०० मिमीच्या पाइपाच्या तोंडाशी पाणी पाइपाच्या माथ्यापर्यंत आलं तेव्हा तो साधारण ०.३५ ओढतो. ०.७० ओढायला तोंडाशी जवळपास १.३ मीटर पाणी उभं राहावं लागतं, म्हणजे ९८.२५. तुमची खालची कड ९८.४०. पाइप स्वच्छ असताना ही गत. एक तृतीयांश गाळ धरला की शेवटच्या ओळीत पाणी शिरलंच, कारण गावरस्ता तुमच्यासाठी धरणाच्या भिंतीचं काम करतोय.

९०० मिमीचा एक एनपी-३ (जाड, सळईदार काँक्रीटचा) पाइप तळ तोच ठेवून बसवला तर ०.७० घनमीटर माथ्याच्या आत जातं, तोंडाशी पाणी ९७.७० च्या आसपास राहतं. पाइपाचा बाहेरचा माथा ९७.९५ आणि रस्ता ९८.६०, म्हणजे वर ६५ सेंमी भराव मिळतो. वाहतुकीखाली ६० सेंमी हवाच, तो बसतोय.

पुढे गटार. १२ मीटरच्या रस्त्याला साधारण २.३ टक्के उतार मिळतोय, छान आहे. दोन्ही बाजूंच्या गटारांत तुमचं पाणी निम्मं-निम्मं, शेवटी प्रत्येकी ०.१७५. ३० सेंमी रुंद गटारात ३० सेंमी पाणी, उतार २ टक्के, काँक्रीटचा खडबडीतपणा ०.०१५ धरून ०.१८ जातं. म्हणजे एक फुटाचं गटार काठोकाठ भरल्यावर जेमतेम. वरची १५ सेंमी मोकळी जागा नाही, गाळाला जागा नाही. मुख्य रस्त्याला ४५ सेंमी रुंद आणि टोकाला ६० सेंमी खोल ठेवा. फावडं आत बसलं नाही तर ते गटार कोणी साफ करत नाही.

आडवे रस्ते जवळपास कंटूरवर (समान उंचीच्या रेषेवर) आहेत, तिथे उतार मुद्दाम द्यावा लागेल. दोन्ही टोकांकडून मुख्य रस्त्याकडे ०.५ टक्के, ५० मीटरला २५ सेंमी. त्यात ३० × ४५ चं गटार पुरेल, वेग १ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास राहतो, गाळ बसत नाही. ०.३ टक्क्यांखाली जाऊ नका. कागदावर चालतं, पण एवढ्या बारीक उतारात गवंड्याच्या दोरीची दोन सेंमीची चूकसुद्धा डबकं करते.

वरच्या शेतासाठी पूर्वेच्या हद्दीच्या आत वेगळा चर घ्या. तळ ६० सेंमी, बाजू एकास एक, खोली ६० सेंमी, वरची रुंदी १.८ मीटर, उतार ०.५ टक्के. यात ४० सेंमी पाणी असताना ०.३५ जातं. हा चर दक्षिणेच्या हद्दीने खाली मोरीपर्यंत न्या, आतल्या गटारात सोडू नका. दक्षिणेच्या बाजूला जमिनीचा उतार २.३ टक्के आहे, त्या उतारावर मातीचा चर सोडला तर वेग दीड मीटर प्रति सेकंदाच्या वर जातो आणि दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते. तळ ०.५ टक्क्यांवरच ठेवा आणि उरलेला उतार ४५-४५ सेंमीच्या सात दगडी पायऱ्यांत उतरवा. प्रत्येक पायरीखाली दीड मीटर पिचिंग (दगडांचं अस्तर).

---

बारा_टनी_रोलर

वरचा हिशेब पटला. साइटवर काय बिघडतं ते सांगतो.

काळी माती पहिली काढा. भरावाखाली काळी माती ठेवून वर मुरूम टाकला तर दिसायला काम झकास दिसतं, पण पावसाळ्यात खालची माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि रस्त्याच्या कडेने लांब भेगा पडतात. रस्त्याच्या पट्ट्यात सबग्रेड (खडीखालचा दाबलेला मातीचा थर) आणि त्याखालचा अर्धा मीटर इथे काळी माती चालत नाही. मीटरभर खोल आहे तिथे खर्च दिसेल, पण त्याला पर्याय नाही. प्लॉटमध्ये किमान वरची ३० सेंमी मुळांसकट खरवडा. ही माती फेकू नका, बागेला आणि वरच्या चराच्या काठाला कामाला येते. चराच्या काठावर गवत धरतं ते याच मातीत.

शेवटच्या ओळीतले ८ प्लॉट रस्त्याच्या वर आणायचे म्हणजे साधारण ९८.८५. आत्ता ९८.४०. खरवड ३० अधिक भराव ४५, असा ७५ सेंमी मुरूम. ८ × २०० × ०.७५ = १२०० घनमीटर दाबलेला, म्हणजे ४२४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). गाडीत मोकळा येतो तो सव्वापट धरा, ५३० ब्रास. कोटेशन घेताना "दाबलेला ब्रास" की "गाडीचा ब्रास" हे लिहून घ्या. अर्धी भांडणं तिथेच होतात.

मुरूम २०-२५ सेंमीच्या थरांत. ७५ सेंमी एकदम ओतून वर रोलर फिरवला तर वरचा वीतभर थर घट्ट होतो आणि खाली पोकळच. प्रत्येक थराला पाणी मारून, मूठ वळली की हाताला चिकटू नये पण गोळा फुटू नये इतपत ओल, मग ८-१० टनी व्हायब्रेटरी रोलरच्या सहा-आठ फेऱ्या. घनता रेती भरून तपासण्याच्या पद्धतीने: प्लॉटच्या भरावाला प्रयोगशाळेतल्या हेवी कॉम्पॅक्शन चाचणीत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के, रस्त्याच्या सबग्रेडला ९७ टक्के. प्रत्येक थराला दोन-तीन खड्डे तरी तपासा, आणि खड्डा कुठे घ्यायचा ते कंत्राटदाराला ठरवू देऊ नका. तो रोलरच्या मधल्या पट्ट्यातच घेणार. कड आणि कोपरे कधीच नाही, आणि बसतात ते कोपरेच.

गटाराबद्दल. विटांचं गटार काळ्या मातीत करू नका. माती फुगली की भिंती आत ढकलल्या जातात, तिसऱ्या वर्षी गटार वर अरुंद, खाली रुंद. आरसीसी एम-२०, भिंत १२५ मिमी, ८ मिमी सळई १५० मिमीवर, खाली १०० मिमी पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट), आणि भिंतीमागे ३० सेंमी मुरुमाचाच भराव. त्या मुरुमातून पाणी आत यायला भिंतीत दर दोन मीटरला ७५ मिमीचं भोक, मागे खडी.

आणि एक चूक जवळपास प्रत्येक लेआउटमध्ये दिसते: गटाराची भिंत रस्त्याच्या कडेपेक्षा आणि प्लॉटपेक्षा चार बोटं वर. गटार कोरडं, रस्ता तुंबलेला. काँक्रीट करताना सेंटरिंगवाला वरची कड रस्त्याच्या "होणाऱ्या" लेव्हलला मारतो, मग डांबराचा एखादा थर कमी होतो आणि कड तशीच वर राहते. म्हणून रस्त्याच्या बाजूची कड तयार रस्त्यापेक्षा २५ मिमी खाली, असं ड्रॉइंगवर आरएलमध्ये लिहा, नुसतं "रस्त्याला समांतर" नको. रस्त्याला मधून कडेकडे २.५ टक्के ढाळ. ६ मीटर डांबरी रुंदीला मधला उंचवटा साडेसात सेंमी येतो.

---

गाव_नकाशा

तांत्रिक बाजू झाली, कागदाची सांगतो.

पहिलं काम, गाव नकाशा आणि तुमच्या गटाचा टिपण-फाळणी नकाशा (जुन्या मोजणीचा आणि पोटहिश्शांचा) काढून बघा. बऱ्याचदा सातबाऱ्यावर ओढ्याचा शब्द नसतो पण गाव नकाशावर तुटक रेघ असते. ती तुमच्या गटातून जात असेल तर तो नैसर्गिक प्रवाह आहे, "पावसाळ्यात पाणी जातं" एवढंच नाही. एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत (२०२० ची) ओढ्या-नाल्यापासून अंतर सोडायचं बंधन आहे. ज्याला नीट काठ नाहीत असा लहान प्रवाह सखल जमिनीतून जात असेल तर प्राधिकरण ठरवील त्या रेषेत आणि त्या मापाने तो वळवता येतो, पण पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा बदलता येत नाही. लेव्हल_शंभर यांनी सुचवलेला पूर्व-दक्षिण चर यात बसतो, कारण शेवटी तो त्याच मोरीला येतो. फक्त तो मंजूर नकाशावर दाखवा, नंतर "आम्हीच केला" म्हणून चालणार नाही. पलीकडच्या ओढ्याला पाटबंधारे खात्याची पूररेषा आखलेली आहे का तेही विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांच्या.

दुसरं, कंपाउंड. खालच्या जमिनीवाल्याने वरच्या जमिनीचं नैसर्गिकपणे येणारं पाणी येऊ दिलं पाहिजे, हे सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ७ च्या उदाहरणातच आहे. शिवाय मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली शेतकरी तहसीलदाराकडे अर्ज करून असा अडथळा काढायला लावू शकतो. मुदत कारण घडल्यापासून सहा महिने. तुमची भिंत पडायची वाट बघायची त्याला गरज नाही. पीक पाण्याखाली जाण्याची शक्यता दाखवली तरी पुरतं. म्हणून भिंत घालायचीच असेल तर चर भिंतीच्या बाहेरच्या, शेताकडच्या अंगाला पण स्वतःच्या हद्दीत ठेवा. चराचा काठ मोजणीच्या दगडापासून किमान अर्धा मीटर आत, नाहीतर चर ढासळला की हद्दीचं भांडण सुरू.

तिसरं, मोरी. गावरस्ता कोणाचा ते पाहा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची परवानगी, रस्ता खोदण्याचं शुल्क आणि पूर्ववत करण्याची हमी. अर्ज आत्ताच करा, भराव झाल्यावर नको. मुरूम बाहेरून आणायचा किंवा बाहेर न्यायचा तर गौण खनिजाची परवानगी आणि वाहतूक पास लागतो. पासाच्या प्रती जपून ठेवा, दंड जमिनीच्या मालकालाही बसतो.

महारेरात नोंद होणार असेल तर कलम १४(३) लक्षात घ्या: ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कामातला किंवा सेवांतला दोष दाखवला तर ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा. गटार आणि रस्ता त्यात येतो.

---

पाणी_जिरवा

एवढी गटारं कशाला? प्रत्येक प्लॉटला शोषखड्डा आणि बोअरजवळ पुनर्भरण सक्तीचं करा, पाणी जागच्या जागी जिरेल. ओढ्यात सोडून दिलेलं पाणी उन्हाळ्यात टँकरने विकत घ्यायचं हा कुठला शहाणपणा?

---

लेव्हल_शंभर

पुनर्भरण करायलाच हवं, पण गटाराच्या जागी नाही. २ × २ × २ मीटरचा खड्डा दगड-खडीने भरला की त्यात पोकळी साधारण ४० टक्के, म्हणजे ३.२ घनमीटर. २०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ९० मिमी तासाने पाऊस पडला तर तासाला १२.६ घनमीटर वाहतं. खड्डा पंधरा मिनिटांत भरला. काळ्या मातीत जिरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटर, त्यामुळे खड्डा रिकामा व्हायला दिवस लागतात आणि तोवर दुसरी सर येते. वरच्या निम्म्या भागात, मुरूम जवळ आहे तिथे खड्डे घ्या. खालच्या भागात फक्त गच्चीचं पाणी जाळी आणि वाळूच्या गाळणीतून बोअरला द्या, आणि प्रत्येक खड्ड्याला गटारात जाणारा ११० मिमीचा सांडवा ठेवा. सांडवा नसलेला खड्डा जोत्याला लागून असेल तर तो पायाच भिजवतो.

याहून मोठा फायदा ओपन स्पेसची जागा बदलण्यात आहे. ती वरच्या कोपऱ्यात ठेवून काहीच हाती लागत नाही. नैर्ऋत्येच्या खालच्या कोपऱ्यात आणा. तिथे ९०० चौरस मीटर बाग आजूबाजूपेक्षा ३० सेंमी खोल ठेवली की २७० घनमीटर पाणी थांबतं. प्लॉटिंगमुळे वाढलेला ०.१५ चा प्रवाह अर्धा तास धरून ठेवायला एवढंच लागतं. बाहेर जायला छोटा पाइप, वर दगडी सांडवा, आणि तळाला १ टक्का ढाळ म्हणजे सर ओसरल्यावर काही तासांत ती कोरडी होऊन मुलांना खेळायला मोकळी. बाग म्हणून वापरता आली पाहिजे, तळं करून ठेवलं तर मंजुरीत अडेल. शिवाय शेवटच्या ओळीतले आठांपैकी चार प्लॉट तिथून वरच्या, मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात जातात, त्यामुळे ५३० ब्रासपैकी निम्मा मुरूम वाचतो. सुधारित रेखांकन द्यावं लागेल, पण अंतिम मंजुरी व्हायची आहे तोवर हे सोपं आहे.

---

उताराचं_रान

सगळ्यांचे आभार, ओपन स्पेस हलवण्याबद्दल आर्किटेक्टशी आजच बोलतो. तीन शंका राहिल्या.

१. आडव्या रस्त्याच्या खालच्या अंगाचे प्लॉट रस्त्याकडून मागे उतरतात. त्यांचं पाणी रस्त्याच्या गटारात कसं येणार?
२. जिल्हा परिषदेने ९०० ची मोरी नाकारली किंवा वेळ लावला तर?
३. कंत्राटदार म्हणतो भराव एक पावसाळा उघडा ठेवला की आपोआप बसतो, रोलिंगचे पैसे कशाला?

---

लेव्हल_शंभर

पहिली शंका सगळ्यात महत्त्वाची, आणि तुमच्या कंत्राटदाराचा "सगळे प्लॉट रस्त्याच्या लेव्हलला" हा उपाय तिथेच फसतो.

१८ मीटर खोलीला २.३ टक्क्यांनी प्लॉटची मागची बाजू ४२ सेंमी खाली आहे. पाणी पुढे रस्त्याकडे आणायचं तर १ टक्का ढाळासाठी मागची बाजू पुढच्यापेक्षा १८ सेंमी वर हवी. म्हणजे मागे ६० सेंमी भराव, सरासरी ३०, प्लॉटमागे ६० घनमीटर: दाबलेले २१ ब्रास, गाडीचे २६. असे तुमच्याकडे दोन डझनांवर प्लॉट आहेत. वर मागच्या हद्दीला ६० सेंमीची संरक्षक भिंत. ती कोणी बांधायची यावर खालचा आणि वरचा प्लॉटधारक वर्षभर भांडणार.

स्वस्त आणि टिकाऊ मार्ग: पाठीला पाठ लावलेल्या दोन ओळींमध्ये एक मीटरची सामाईक पट्टी. दोन्ही ओळींचा अर्धा-अर्धा मीटर जातो. त्यात ३० × ३० चं उघडं गटार, दोन्ही टोकांकडून मुख्य रस्त्याकडे ०.५ टक्के. एका बाजूच्या चार प्लॉटांचं पाणी सेकंदाला १४ लिटर येतं, गटाराला ते काहीच नाही. पट्टी मुख्य रस्त्याला मिळते तिथे चेंबर, त्याला जाळी आणि ३० सेंमी गाळाचा खड्डा. ही पट्टी प्लॉटच्या क्षेत्रात धरून "गटारासाठी सोडावी" अशी अट घालू नका. नकाशावर वेगळी दाखवा, क.जा.प. (कमी-जास्त पत्रक, क्षेत्र दुरुस्तीचा कागद) होताना तिचं क्षेत्र वेगळं निघालं पाहिजे, आणि खरेदीखताच्या चतुःसीमेत "सामाईक गटार पट्टी" असा उल्लेख हवा. नाहीतर तीन वर्षांत तिथे न्हाणीघरं उभी राहतात.

घराभोवती मात्र ढाळ वेगळा. जोत्यापासून पहिल्या तीन मीटरला किमान १५ सेंमी उतार, पुढे १ ते २ टक्के चालतो. जोतं रस्त्याच्या मध्यापेक्षा ६० सेंमी वर ठेवायला सांगा. आज ४५ पुरेसं वाटतं, पण रस्ता ग्रामपंचायतीकडे गेल्यावर जुना न खरवडता वर १५ सेंमी काँक्रीट पडतं, आणि घर तेवढं खाली जातं.

दुसरी शंका. बागेत पाणी थांबवलं तर मोरीवर ०.७० ऐवजी ०.५५ येतं. जुन्या ६०० च्या पाइपाला तोंडाशी ९७.९० च्या आसपास पाणी. गटाराचा तळ टोकाला ९७.८० ठेवा, मग दहा सेंमीच मागे चढतं. म्हणजे परवानगी येईपर्यंत गाडी चालेल, पण पाइप साफ असेल तरच. मोरीच्या तोंडाला चौकोनी चेंबर, ५० मिमी अंतराची तिरपी जाळी, आणि पाइपाच्या तळाखाली ४५ सेंमीचा गाळखड्डा आत्ताच करून ठेवा, पुढे ९०० बसेल एवढा रुंद. शेजारी दुसरा ६०० टाकायचा सल्ला कोणी दिला तर हिशेबात तो बसतो, पण झाडोरा अडकतो तो लहान तोंडालाच.

---

बारा_टनी_रोलर

तिसऱ्याचं मी सांगतो. भराव पावसाने बसतो हे खरं, पण एकसारखा बसत नाही. गाड्या जिथून फिरल्या तिथे घट्ट, कोपऱ्यात मोकळा. ७५ सेंमी भराव नुसता ओतला असेल तर घर झाल्यावर अंगणाची फरशी जोत्याकडे कलते आणि पाणी घराच्या पायात उतरतं. पावसाळा जाऊ द्यायचा तो रोलिंग करून, वर डांबर टाकण्याआधी. खडीकरणावर एक पाऊस गेला की कुठे खचतंय ते स्वतःच दिसतं. आणि हो, पावसाळ्यात उघडा भराव सोडणार असाल तर त्याच्या खालच्या कडेला मातीचा छोटा बांध आणि गाळाचा खड्डा करा, नाहीतर तुमचाच मुरूम तुमच्याच मोरीत जातो.

कामाचा क्रम: मोरीचं चेंबर, दक्षिणेचा आणि पूर्वेचा चर, मग मुख्य गटार खालून वर, मग आडवी गटारं, मग रस्त्याचं सोलिंग-खडीकरण, प्लॉटचा भराव, डांबर शेवटी. पूर्वेचा चर मे संपायच्या आत झालाच पाहिजे, बाकी काही राहिलं तरी चालेल.

प्रत्येक प्लॉटसमोर गटारावर ३ मीटरचा आरसीसी स्लॅब तुम्हीच टाकून द्या, मध्ये उचलायचं झाकण ठेवून. तो नसला की घरमालक गटारात सहा इंची पाइप टाकून वर रॅम्प ओततो. एकाच ओळीत असे दोन रॅम्प पडले की वरची सगळी गटारं निकामी. सांडपाण्याची लाइन वेगळी, १५० ते २०० मिमी, शक्यतो गटाराच्या विरुद्ध बाजूने. काळ्या मातीत सेप्टिक टँकचा शोषखड्डा चालत नाही, मग लोक गुपचूप पावसाळी गटाराला जोडतात.

बिल देण्याआधी दहा हजार लिटरचा टँकर मुख्य रस्त्याच्या वरच्या टोकाला सोडा आणि गटारासोबत खाली चालत या. तासाभराने जिथे बोटभर पाणी उभं असेल तिथे खडूने खूण करा, तेवढा तळ फोडून पुन्हा करून घ्या. वरून सिमेंटचा गिलावा मारून उंचवटा भरून देतो म्हणेल. तो पहिल्या उन्हाळ्यात सुटतो, घेऊ नका.